पेव

हरिपुरात पेवात उतरायच्या आधी
दोरानं कंदील सोडायचा.
तेवला तर माणूस उतरतो,
विझला तर तोंड उघडं ठेवून थांबायचं.
साल एक्केचाळीस. मी जिनगोंडा मगदूम,
हळदीचा अडत्या, वय बत्तीस.
कंदील विझला, आणि शिदू आधीच खाली होता.
मी उतरलो.
खाली हवा नव्हती, शिदूही नव्हता.
पण कुणीतरी होतं, फार दिवसांचं,
त्यानं माझ्या मानेवर तोंड ठेवलं
तान्ह्यानं ठेवावं तसं.

पोरं हल्ली मोबाईलवर बघतात. व्हॅम्पायर म्हणतात.
काळा झगा असतो म्हणे, आणि किल्ला.
माझं धोतर होतं, ते कुजलं.
वेताळ म्हणावं
तर मला शेंदूर नाही, जत्रा नाही.

आमच्या घरात दिवेलागणीआधी ताटं उठायची.
आता दिवेलागण झाल्याशिवाय मला भूक लागत नाही.
आई पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची,
फडक्यावर उरलेला, न दिसणारा जीव
हलक्या हातानं परत विहिरीत सोडायची.
आई, मी जे पितो
ते कुठल्या फडक्यातून गाळू?
फडक्यावर जो उरेल
त्याला कुठल्या विहिरीत सोडू?

तिनं शेवटी अन्न सोडलं, मग पाणी.
बाराव्या रात्री गेली.
खिडकीखाली अंधारात उभं राहून
मी णमोकार ऐकला.
मग मीही उपास धरला.
अकरा वर्षं.
हळकुंडासारखा वाळलो,
मोडला असता तर आत पिवळा निघालो असतो.
पेवातली हळद सडत नाही, बापू सांगायचे,
वर्षागणिक रंग चढतो, भाव चढतो.

लग्नपत्रिकेत नावाआधी 'चि.' होतं
ते तसंच राहिलं.
'कै.' लावायला घरच्यांकडे प्रेत नव्हतं.

पाच सालच्या पुरात कृष्णा आणि वारणा
दोघी एकदमच आत शिरल्या.
हळद सडली. महिनाभर गावाला वास.
मी पाण्याखाली, डोळे उघडे.
बुडणं मला सगळं येतं,
फक्त शेवट येत नाही.

आता माल कोल्ड स्टोरेजला जातो.
मी मिरजेत, एका दवाखान्याच्या रक्तपेढीत,
कायमची रात्रपाळी.
फ्रीजचा आकडा तासातासाला वहीत लिहायचा.
पिशवीवर तारीख असते. रक्तालाही मुदत आहे.
मुदत संपलेल्या पिशव्या मी नेतो.
बाकीचं विचारू नका.

गेल्या श्रावणात, तिसरा मजला, खाट सतरा.
रत्नाबाई चौगुले, वय अठ्ठ्याऐंशी,
माहेर हरिपूर.
पिशवी घेऊन मीच गेलो.
डाव्या भुवईत खोक,
माझ्या तराजूच्या पारड्याची.
तेव्हा ती चार वर्षांची होती,
आणि मी तिच्यापेक्षा जास्त रडलो होतो.

"जेवलास का बाळा?"
रात्रीचे अडीच वाजले होते.
मग स्वतःच हसली. "काय विचारते मी,
आता कुठलं जेवण."
तिनं माझा चेहरा बराच वेळ बघितला.
"थंड आहे रे हात तुझा," म्हणाली, "औक्षवंत हो."
मी वाकलो. बाप असून वाकलो.

सलाईनची नळी तिनं मुठीत गच्च धरली होती.
नर्स म्हणाली, सोडतच नाहीत, तीन दिवस झाले.
"आमचे आप्पा खाली उतरलेत," ती मला समजावून सांगायला लागली,
"दोर माझ्याकडं दिलाय."

बोटं एकेक करून उलगडायला बघितली.
"सोड, रत्ना."
तिनं पकड आणखी आवळली.

उजाडायला साडेतीन तास होते.
मी स्टूल ओढून बसलो.